बर्फवाल्या भागोजीचा हात

नाटे बंदराच्या धक्क्यावर बर्फ फोडायचं यंत्र बंद पडलं तरी कुणाचं अडत नसे, कारण भागोजी होता. शंभर-सव्वाशे किलोची लादी तो लोखंडी आकड्यानं ओढून आणी आणि लाकडी मोगरीच्या चार घावांत तिचा चुरा करी. होडीवाले त्याला मान देत, पण हाताच्या टप्प्यात उभे राहत नसत. घासाघीस करणाऱ्याच्या थोबाडीत, बायको मालनच्या पाठीत आणि सगळ्यांत जास्त मुलगा गौरवच्या अंगावर, हात उठला की उठला! गौरव सात वर्षांचा असताना शाळा चुकवली म्हणून त्याला माडाला बांधून ओल्या दोरीनं फोडून काढला होता. मालन मध्ये पडली, तर तिचं मनगट मोडलं. वर म्हणायचा काय, "माझ्या बापसानं मला असाच वाढवलान. मेलो काय मी?" मेला नव्हता, पण माणसात तरी कुठं राहिला होता!

अठराव्या वर्षी गौरव गोव्याला हॉटेलात कामाला लागला. तेव्हापासून वर्षातनं एकदा, शिमग्याला, घरी यायचा. बापाशी बोलणं एवढंच, "आलो" आणि "निघतो". अशी नऊ वर्षं गेली.

यंदा ग्रामदेवीची पालखी दारात आली ती भर दुपारी. ऊन नुसतं भाजून काढत होतं. गौरवनं पालखी खांद्यावर घेतली आणि तासभर नाचला तरी सोडायला तयार नाही. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झालेल्या, जबडा आवळलेला, अंगावर घामाच्या धारा. पाणी दिलं तर नको म्हणे, आणि दिसेल त्याला मिठी मारी. अंगात आलंय म्हणून एका म्हातारीनं त्याच्या पायाशी नारळसुद्धा ठेवला. घ्या आता!

मग पालखी दुसऱ्याच्या खांद्यावर देऊन तो सरळ भागोजीकडे आला आणि साऱ्या वाडीसमोर त्याच्या गळ्यात हात टाकले.

"बाबा, मला माडाला बांधून मारलंत, तरी मला तुम्ही आवडता. आईचा हात मोडलात, तेही मी सोडून दिलं. तुम्हालाही कुणी तरी असंच मारलं होतं ना, बाबा?"

ढोल थांबले. भागोजीच्या डोक्यात सणक गेली. घरातली गोष्ट चव्हाट्यावर आणतो मेला!

पहिल्या फटक्यात गौरवचा ओठ फाटला. दुसऱ्यात तो अंगणाच्या दगडी गडग्यावर जाऊन आदळला. मग भागोजी लाथांनी सुटला, बरगड्यांत, पोटात, पुन्हा बरगड्यांत. आत काही तरी मोडल्याचा आवाज ढोलवाल्यांनाही ऐकू आला. चौघांनी धरलं, तर चौघांना झटकून तो परत पोरावर. आणि पोर, काय सांगायचं, रक्ताळल्या दातांनी हसत होतं! बापाचा पाय छातीशी धरून म्हणत होतं, "मारा, पण ऐका." त्या हसण्यानं भागोजी आणखीच पिसाळला. केस धरून त्यानं पोराचं डोकं गडग्याच्या चिऱ्यावर आपटलं.

त्याच वेळी गौरवचं अंग ताठ झालं. डोळे पांढरे, तोंडाला फेस, हातपाय थाडथाड आपटायला लागले. भागोजीनं मानेला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागं घेतला. एवढा ताप त्यानं जन्मात पाहिला नव्हता.

"मारलास रे मेल्या, माझ्या पोराला मारलास!" मालन किंचाळली. नवऱ्याला एकेरी हाक तिनं आयुष्यात पहिल्यांदा मारली.

भागोजीनं पोराला खांद्यावर टाकलं आणि धक्क्याकडे पळत सुटला. मासे भरायच्या मोठ्या खोक्यात त्याला निजवून वर फावड्यानं बर्फाचा चुरा ओढला. चुरा संपला. मोगरी सापडेना, तसा चिरा उचलून लादीवर घालत सुटला. बोट चेचलं ते त्याला कळलंही नाही. इस्पितळाची गाडी येईपर्यंत तो फोडत होता आणि ओरडत होता, "मरू नको रे, मरू नको!"

रत्नागिरीला इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, "त्याच्या खिशात सापडली ती एमडीएमएची गोळी आहे, नशेची. घेतली की समोरचा माणूस आपला वाटतो, भीती जाते, मिठी मारावीशी वाटते. पण अंगाचा ताप चढत जातो आणि दमल्याचं कळत नाही. अशात उन्हात नाचलं की जिवावर बेततं. बर्फात घातलंत म्हणून वाचला."

हवालदार सखाराम बाहेर बाकावर कागद घेऊन बसले होते. म्हणाले, "कायद्यात हिचं नाव मोठं आहे, भागोजी. मनोव्यापारांवर परिणाम करणारा पदार्थ. अर्ध्या ग्रॅमपर्यंत अल्प प्रमाण, दहा ग्रॅमच्या वर व्यापारी. खिशात एकच गोळी मिळाली, म्हणून अल्पात बसतो. तरी गुन्हा तो गुन्हाच. आणि बरगड्या पालखीखाली पडून मोडल्या, असा जबाब दिलाय गौरवनं."

भागोजीनं तो जबाब तसाच राहू दिला. लाज वाटायला हवी होती!

तिसऱ्या दिवशी तो खाटेजवळ गेला. गोळी उतरली की मन दोन-चार दिवस पार खचतं, हे बाईंनी सांगितलं होतंच. गौरव भिंतीकडे बघत पडला होता.

"अंगणात बोललास..." भागोजीनं विचारलं. "ती गोळीच बोलली ना रे?" हो म्हण, पोरा, हो म्हण, असं त्याचा जीव आतनं विनवत होता.

"मीच बोललो," गौरव म्हणाला. "दर शिमग्याला बोलायला यायचो. तुमचा हात दिसला की गिळायचो. हिनं भीती जाते, असं हॉटेलातली पोरं म्हणाली, म्हणून घेतली. नाचायला नव्हती घेतली."

भागोजी पुढं सरकला. गौरवनं मोडक्या बरगड्यांनिशी अंग भिंतीकडे ओढून घेतलं.

"आता उतरलीय, बाबा. वायच लांब बसा."

भागोजी उठला तो थेट बाहेर पहाऱ्यावर बसलेल्या सखारामांपुढं जाऊन उभा राहिला.

"जबाब बदला. पालखीबिलखी काय नाय. बरगड्या मी मोडल्या. बायकोचं मनगटही लिहा."

"भागोजी, शुद्धीवर आहेस ना? आत जाशील."

"जातो. पण आधी त्याला जाऊन सांगा, बापूस आत आहे म्हणून. पोर निजेल तरी."