बाळंतिणीच्या पाठीमागं

माझ्या मायनं गावातल्या निम्म्या घरांतल्या लेकरांची नाळ कापली, आणि त्यातल्या एकाही घराच्या चुलीपर्यंत ती कधी गेली नाही. मी आठ-नऊ वर्षांची असेन तेव्हा तिच्यासोबत जायची. ती गोठ्यालगतच्या खोलीत, मी बाहेर उकिरड्यापाशी. लेकरू झालं की मायनं नाळ कापायची, वार पुरायची, घाण धुवायची. मग घरातलं कुणीतरी येऊन बाळाला आंघोळ घालायचं, म्हणजे मायचा हात लागलेला धुऊन काढायचं. भाकरी वरूनच पडायची आणि माय पदर पसरून ती झेलायची. तो पसरलेला पदर आठवला की आजही माझी कानशिलं तापतात.

छप्पन साली आमच्या वस्तीनं दीक्षा घेतली आणि गावकीची कामं सोडली. मेलेली ढोरं ओढणं बंद झालं, तसं मायचं नाळ कापणंही बंद झालं. त्यानंतर गावातल्या सगळ्यांत मोठ्या शेतकऱ्याच्या घरून बोलावणं आलं. माय दारातूनच म्हणाली, "तुमच्या घरात बाया हायेत ना? त्यायलाच कापू द्या." तिला एवढी ताठ उभी राहिलेली मी त्याआधी पाहिली नव्हती.

अशा बाईची मी लेक. म्हणून पुढं मी जे काम धरलं ते तिला समजावून सांगताना माझी जीभ नेहमी अडखळली.

पंधराव्या वर्षी मला धावडा गावी दिलं. लेक झाली तेव्हा माय आली होती आणि कळा सुरू असताना माझ्या पाठीमागं बसून राहिली होती. तिच्या छातीला माझी पाठ टेकलेली, तिचे गुडघे माझ्या दोन्ही बाजूंना. ते काही काम असतं असं मला तेव्हा वाटलंच नाही. चार वर्षांनी नवऱ्यानं दुसरी आणली आणि मी लेकीला कडेवर घेऊन माहेरी आले. मग जालन्याला जिनिंगमध्ये राबले, दोन वर्षं नाकातोंडात कापूस. मंठ्याला एका बोर्डिंगात पोरांसाठी भाकरी थापल्या. कुठंच माझं मन लागलं नाही, आणि मन लागावं असं कुणी विचारतही नव्हतं. बाईला काम मिळालं हेच खूप, असं सगळ्यांचं म्हणणं.

बहात्तरच्या दुष्काळात सरकारनं रस्त्याचं काम काढलं आणि आम्ही खडी फोडायला गेलो. आम्हीच नाही, ज्यांच्या शेतावर आम्ही राबायचो त्यांच्या बायकाही आल्या. माझ्यापासून चार हातांवर एक पोटुशी बाई बसायची. दुसऱ्या गावची होती, चांगल्या खात्यापित्या घरची वाटायची. एका दुपारी तिच्या हातातला हातोडा गळून पडला आणि ती वाकडी झाली. पन्नास-साठ माणसं होती तिथं. सगळ्यांनी पाहिलं, कुणी उठलं नाही.

मुकादम ओरडला, "तिला बाजूला घ्या रे! बाकीच्यांनी कशाला हात थांबवला? चला, जल्दी!"

बाजूला म्हणजे कुठं? झाड नव्हतं, भिंत नव्हती. मी उठले, तिला काखेत धरून खडीच्या ढिगामागं नेलं. दोघी जणींना शिव्या देऊन उठवलं आणि लुगडं आडवं धरायला लावलं. एका म्हातारीला पुढं बसवलं, कारण तिला नाळ कापायची माहिती होती. आणि मला स्वतःला काय करावं ते कळेना, म्हणून मी तिच्या पाठीमागं बसले. ढिगाला माझी पाठ, माझ्या छातीला तिची.

"मावशी, मी मरते का?" तिनं विचारलं.

"न्हाई मरत. मी हाय ना."

मुकादम डोकवायला आला. हाताला लागला तो दगड मी त्याच्याकडं भिरकावला. लागला नाही, याचं मला अजून वाईट वाटतं. परत तो आला नाही. तासाभरात लेकरू झालं, रडलं. त्या बाईनं माझी जात विचारली नाही. विचारायला तिच्यात दम कुठं होता?

लोकांना वाटतं असं काही घडलं की माणसाच्या मनात माया दाटून येते. माझ्या मनात संताप दाटून आला होता. एवढ्या बाया, सगळ्या बाळंतपणातून गेलेल्या, आणि एकीलाही उठावंसं वाटलं नाही. त्या संतापातच मला कळलं की हे मी करणार. हे कुणीतरी केलंच पाहिजे.

घरी येऊन मायला सांगितलं. ती म्हणाली, "मी टाकलं ते तू उचलतीस?"

"मी नाळ न्हाई कापली, माय. नुसती बसले."

"आज बसलीस. उद्या कापायला लावतील. परवा पदर पसरायला लावतील." आणि ती उठून बाहेर गेली.

दुष्काळ सरल्यावर मला एका सरकारी दवाखान्यात आयाचं काम मिळालं. फरशी पुसायची, भांडी उकळायची, रक्ताचे कपडे धुवायचे. बाळंतपणाच्या खोलीत घरचं कुणी आत येऊ द्यायचे नाहीत. आई बाहेर, सासू बाहेर, दाराला कडी. आत लोखंडी टेबलावर बाई एकटी. ती ओरडली की नर्स तिच्या मांडीवर सपकन चापट मारायची आणि म्हणायची, "तवा गोड लागलं ना? मंग आता कशाला बोंबलतीस?"

सहा महिने मी हे ऐकलं आणि फरशी पुसत राहिले. नर्सपेक्षा त्या सहा महिन्यांचा मला जास्त राग येतो. तीही एकटीच होती, दिवस-दिवस बसायला मिळायचं नाही तिला, हे मी रोज पाहत होते. पण दमलेल्या माणसानं दुसऱ्या दमलेल्या माणसाला मारावं, असं कुठं लिहिलंय?

एके दिवशी सकाळी एक पहिलटकरीण आली. सोळा-सतरा वर्षांची पोर. तिला काय होतंय हेच तिला कळत नव्हतं. सारखी उठून दाराकडं पळायची. नर्सनं हात उगारला आणि मी तो मनगटापाशी धरला.

"शिस्टर, हात खाली घ्या."

"तू मला शिकवतीस? झाडू मारणारी बाई!"

"मी झाडूच मारते. माणसाला न्हाई मारत."

मग मी टेबलावर चढले आणि त्या पोरीच्या पाठीमागं बसले. नर्स चिडली होती, पण तिनं तिचं काम नीट केलं, हेही सांगितलं पाहिजे. पोरीनं माझ्या दंडाला नखं रुतवली आणि दुपारपर्यंत मोकळी झाली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मला सांगितलं, उद्यापासून येऊ नका.

काम गेलं, पण त्या पोरीच्या आईनं चार ठिकाणी सांगितलं. बाया यायला लागल्या. "सुनेला कळा लागल्यात, जरा बसाया येता का?" आधी आमच्याच वस्तीतून, मग आष्टीकडच्या दोन-तीन गावांतून. मी सगळ्यांना आधीच बजावायची. नाळ सुईण कापील, नाहीतर नर्स कापील. मी फक्त बसेन. तिला पाणी पाजीन, कंबर दाबीन, तिच्याशी बोलेन. आणि तिला कुणी मारलं तर मी त्याला मारीन.

मग एकदा त्याच मोठ्या शेतकऱ्याच्या घरून निरोप आला, ज्याला मायनं नकार दिला होता. सुनेला कालपासून कळा येत होत्या आणि ती सुईणीला जवळ येऊ देत नव्हती. मी गेले. सासू ओट्यावर उभी होती. म्हणाली, "मागून ये, गोठ्याकडून."

मी थांबले. मी तिथून परतले असं मला इथं लिहायला आवडलं असतं. आतून पोर ओरडली आणि माझे पाय गोठ्याकडं वळले. शेणातून गेले. दोन-अडीच तास मी तिच्या पाठीमागं बसले. "मावशी, सोडू नका, सोडू नका," एवढंच ती म्हणत होती. मी धरल्यावर तिनं सुईणीला जवळ येऊ दिलं. मुलगा झाला. ती माझ्या हातावर मान टाकून झोपली. मी अजून उठलेही नव्हते तोवर सासू तांब्या घेऊन आली आणि माझ्याभोवती गोमूत्र शिंपडायला लागली. थेंब माझ्या गालावर आले. पोर जागी होईल म्हणून मी गप्प बसले.

घरी आले तेव्हा मायनं माझे पाय पाहिले. "गोठ्यातून गेलीस," एवढंच म्हणाली. त्यापेक्षा तिनं मुस्काटात मारली असती तर बरं झालं असतं.

महिना-दीड महिन्यानं आष्टीच्या बाजारात ती सून दिसली, सासूसोबत, लेकरू खांद्याला. तिनं मला पाहिलं, मान खाली घातली आणि पुढं निघून गेली. त्या दिवशी मी ठरवलं. पुढच्या दारानं बोलवाल तर येईन. नाहीतर तुमची सून माझ्या घरी आणा. गावभर हे सांगितलं. लोक हसले. म्हणाले, हिचं डोकं फिरलंय.

दोन वर्षं मोठ्या घरांतून कुणी आलं नाही. मग एका सकाळी आमच्या वस्तीत बैलगाडी येऊन थांबली. तीच सून आत पोट धरून बसलेली, नवरा कासरा धरून खाली मान घातलेला.

"आत्याबाई म्हणत होत्या घरीच, हे म्हणत होते दवाखान्यात," ती म्हणाली. "मी म्हणलं, मावशीकडं."

मला लाज वाटायला हवी, पण मी कळा सोसणाऱ्या बाईला विचारलं, "बाजारात ओळख न्हाई दिलीस, तवा?"

"आत्याबाई संगं होत्या. भेले."

"अन् आता?"

"आता बी भेते. पर आले ना."

मी तिला आत घेतलं. आमच्याच वस्तीतल्या एकाला सुईणीकडं पिटाळलं, पण लेकरानं वाट पाहिली नाही. ऊन डोक्यावर यायच्या आत ते बाहेर आलं, आणि नाळ कापायला कुणी नव्हतं. मी सुनेच्या पाठीमागं, माझे दोन्ही हात अडकलेले. माय कोपऱ्यात बसली होती. वीस वर्षं तिनं नाळ कापली नव्हती.

"माय," मी म्हणाले.

ती उठली. पाणी उकळलं, पातं त्यात टाकलं, कोपरापर्यंत हात धुतले. सुनेसमोर बसून म्हणाली, "तुमच्या घरी म्या न्हाई म्हणलं होतं. हे माझं घर हाय. इथं मी कापते."

मुलगी होती. मायनंच तिला पुसलं, गुंडाळलं आणि आईच्या छातीशी दिलं.

दुपारी सासू आली. वस्तीच्या तोंडाशीच थांबली आणि लेकाला ओरडून म्हणाली, "गाडी जुंप. दोघींला घेऊन चल." लेक माझ्याकडं पाहायला लागला. मी दारात जाऊन म्हणाले, "बाळंतीण पाच दिवस हालणार न्हाई. लेकरू बघायचं तर आत या."

ती आली नाही. रोज यायची, लिंबाखाली उभी राहायची, परत जायची. मला तिची दया आली नाही. सून आमच्यात पाच दिवस राहिली. आमच्या ताटात जेवली, माझ्या लेकीशी पत्ते खेळली. सहाव्या दिवशी नवरा न्यायला आला. निघताना ती मायच्या पाया पडायला वाकली, तर मायनं तिला अर्ध्यातच धरलं. "पाया नको पडू. जा. अन् पोरीला शाळेत घाल."

त्या घरात पुढं काय झालं ते मला नीट कळलं नाही. सासूनं सहा महिने सुनेच्या हातचं पाणी घेतलं नाही, असं कुणी म्हणे. गावातली मोठी घरं तेवढ्यानं काही सुधारली नाहीत. बहुतेकांनी मला बोलावलंच नाही, आणि ज्यांनी बोलावलं त्यांतल्या निम्म्यांनी गोठ्याकडं बोट दाखवलं, तेव्हा मी ओट्याखालूनच परत फिरले. परत फिरताना आतला आवाज कानावर यायचा. तो ऐकूनही चालत राहणं मला अजूनही सोपं गेलेलं नाही, आणि ते ज्यांनी मला करायला लावलं त्यांना मी माफ केलेलं नाही.

त्या सहाव्या दिवशी गाडी गेल्यावर माय पातं घासून पुसून ठेवत होती. मी विचारलं, "ठेवतीस कशाला?"

"तुझ्याकडं येणाऱ्या कमी हायेत का?" ती म्हणाली. "पर मी कुणाच्या दारी जाणार न्हाई, आत्ताच सांगते."