नववी ‘अ’ची संसद

स्टाफरूममध्ये किस्से आपोआप साठतात. पालकसभेला वडील म्हणून रिक्षावाल्याला घेऊन आलेला पोरगा वगैरे. ते आम्ही हसत सांगतो. नववी ‘अ’च्या संसदेचे किस्से निघाले, की मात्र कुणीतरी आधी उठून दार लोटून घेतं.

आमची शाळा हाटकेशला. नागरिकशास्त्र शिकवणारे साळवी सर एकदा वैतागले. “राज्यघटना पाठ करतात, मार्क मिळवतात आणि विसरतात. यंदा ती वापरायची.” त्यांनी मुलांकडून वर्गाची छोटीशी घटना करून घेतली, मुलांनी तन्वीला पंतप्रधान निवडलं आणि दर शनिवारी चित्रकलेच्या वर्गात संसद भरायला लागली.

पहिल्याच शनिवारी सरांनी बाकांच्या दोन रांगा समोरासमोर लावल्या. एक सरकारची, एक विरोधकांची. सगळा वर्ग सरकारच्या बाजूला जाऊन बसला, एकेका बाकावर चौघं चौघं. समोरची रांग रिकामी.

“अरे, मग प्रश्न कोण विचारणार?” कुणी हललं नाही. शेवटी सरांनी चेणे गावातून येणाऱ्या हर्षदला हाताला धरून तिकडे बसवलं.

सोमवारी मधल्या सुट्टीत हर्षद नळाजवळ एकटाच डबा खात होता. मी विचारलं, “कुणी काही बोललं का रे तुला?”

“न्हाय मॅडम. कोन कायपन बोलला न्हाय. तेच तर.”

*

मग वॉटर कूलर बिघडला. तन्वी म्हणाली, “कूलर नीट होईपर्यंत प्रश्नोत्तरं नकोत. सगळे त्याच्याच मागे लागू या.” सगळ्यांनी बाक वाजवले. साळवी सरही खूश, पोरं किती जबाबदार झालीत म्हणून.

कूलर दुरुस्त झाला. प्रश्नोत्तरं काही परत आली नाहीत. सरांनी आठवण केली, तेव्हा पहिल्या बाकावरचा जिग्नेश उभा राहून नम्रपणे म्हणाला, “सर, आता कोणाला प्रश्नच नाहीयेत.”

*

हे माझ्या विज्ञानाच्या तासालाही जाणवायला लागलं. ऋतुजा आधी माझं डोकं खायची. “पण मॅडम, का?” आता ती हात अर्धा वर न्यायची आणि तन्वीकडे बघायची. तन्वी बिचारी मान खाली घालून फळ्यावरचं उतरवत असायची. ऋतुजाचा हात खाली यायचा.

एकदा ऑफ तासाला मी तिथून चालले होते. वर्गात ना शिक्षक, ना मॉनिटर, तरी फक्त पंख्याचा आवाज. मी म्हटलं, “बोला की रे, मी काही ओरडणार नाही.” सगळी मुलं माझ्याकडे बघून एकदम हसली. आणि एकदमच थांबली.

आमच्या मुख्याध्यापिका, देसाई मॅडम, भेटेल त्याला सांगत होत्या, “एवढा शिस्तीचा वर्ग मी अख्ख्या नोकरीत पाहिला नाही.”

*

वर्गाच्या घटनेप्रमाणे तन्वीची मुदत दिवाळीला संपायची. सुट्टीच्या आधीच्या शनिवारी दुरुस्ती मांडली गेली, मुदतीचं कलमच काढून टाकावं. सरांचा चेहरा उतरला, पण नियमाप्रमाणे त्यांनी मतदान घेतलं. सगळ्यांचे हात वर. हर्षदचे तर दोन्ही.

“दोन कशाला रे?” सरांनी विचारलं.

“एक माजा, सर. एक विरोधी पक्षाचा.”

स्टाफरूममध्ये आम्ही यावर पोट धरून हसलो. साळवी सर सोडून.

*

पोरगी धमकावत असणार, असं वाटून मी एकदा तन्वीला बाजूला घेतलं. “काय सांगतेस गं तू त्यांना?”

तिचे डोळेच भरून आले. “मॅडम, मी काहीच नाही सांगत. डबा उघडायच्या आधी पण ते माझ्याकडे बघतात. मी मान हलवली, की मगच खातात. मला भीती वाटते. मला नाही राहायचं पंतप्रधान. मी संसदेत तसं बोलले पण.”

“मग?”

“सगळ्यांनी बाक वाजवले.”

*

शेवटी साळवी सरांनी सुधारणा केली. गुप्त मतदान. “चारचौघांत हात वर करायचा म्हणजे माणूस घाबरतो,” ते आम्हाला म्हणाले. “एकटं सोडलं, की खरं काय ते लिहितो.” चिठ्ठीवर लिहायचं, ‘तन्वी’ किंवा ‘दुसरं कुणी’. मुलांना गांभीर्य वाटावं म्हणून आम्हा शिक्षकांनाही एकेक मत. देसाई मॅडमना हा सगळा पोरखेळ वाटत होता, पण त्या आल्या.

जगाचा मोठा नकाशा दोरीला टांगला, त्याच्यामागे टेबल. खडूंचा रिकामा खोका म्हणजे मतपेटी. शेजारी खुर्चीवर तन्वी.

जिग्नेश पहिला गेला. नकाशामागून आला, तन्वीसमोर उभं राहून त्याने घडी उघडली, तिने बघेपर्यंत थांबला आणि मग चिठ्ठी पेटीत टाकली.

“दाखवायचं नसतं, बाळा,” सर म्हणाले.

“माहितीय, सर.”

पुढच्या मुलीनेही तेच केलं. तिच्या पुढच्यानेही. तन्वीने खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड केलं, तर मुलं वळसा घालून तिच्यासमोर जायला लागली. ऋतुजा गेली, हर्षद गेला. “अरे, तिला नकोय ना बघायला,” सर म्हणत राहिले. त्यांचा आवाज बसत चालला होता. रांग पुढे सरकत होती.

मुलं संपली. “चला, आटपा आता,” असं म्हणत देसाई मॅडम उठल्या आणि नकाशामागे गेल्या. कागदाची घडी घातल्याचा आवाज आम्हाला ऐकू आला. त्या बाहेर आल्या, पेटीपर्यंत गेल्या, चिठ्ठीचा हात पुढे केला.

मग तो हात मागे घेतला, खुर्चीला वळसा घातला आणि तन्वीच्या समोर जाऊन त्यांनी घडी उघडली.