हिराजीकाकांच्या गिटारवरची भुरी

काका गेले तेव्हा गिटारचा रंग ओला होता.

आज वर्ष झालं. घरी वर्षश्राद्ध आहे आणि मी इकडे आखातात, यार्डात, टाक्यांना रंग मारतोय. सुट्टी मागितली, नाय मिळाली.

सकाळपासून एका जागी बसवत नाय. म्हणून लिहितोय. आठवीपर्यंत शिकलेला माणूस आहे, चुकलं तर सांभाळून घ्या.

हिराजीकाका म्हणजे माझ्या बापाचे चुलतभाऊ. उरणला पोर्टावर ट्रेलर चालवायचे आणि लग्ना-हळदीत वाजवणाऱ्या आमच्या बेंजो पार्टीत गिटार वाजवायचे.

कंटेनरच्या दारात डाव्या हाताची करंगळी सापडली, ती कायमची आखडली. मोठ्या गिटारवर बोटं पुरेनात.

दुसरा असता तर सोडून दिली असती. काकांनी मुंबईच्या भंगारातून आखूड मानेची जुनी जपानी इलेक्ट्रिक गिटार शोधून आणली. पट्ट्या जवळजवळ. बरोबर बोटाखाली.

आमचा रव्या बेंजोवाला हसला, "काका, गिटार हाय का खेळणं?"
"तुझ्यासारखी न्हाय, दिसायला मोठी आणि सुरात खोटी. ऐक आवाज."

आवाज होताच. पण हळदीत मोठ्या स्पीकरसमोर उभी केली की शिट्टी मारायची. काकांनी ती उघडली, तारांचा आवाज पकडणारे पिकअप बाहेर काढले आणि मेणबत्त्या वितळवून त्यात बुडवले. आतली तार मेणात घट्ट बसली की थरथरत नाय, शिट्टी बंद.

पहिल्या वेळी मेण एवढं तापवलं की पिकअपचं प्लास्टिकच वाकडं झालं.

काकी ओरडली, "अरे देवा, माझा चहाचा टोप!"
"टोप नवा मिळंल गं. असला पिकअप कुठून आणू?"

त्यानंतर बरेच दिवस काकांना चहा टपरीवरच प्यायला लागला.

मग वेडच लागलं त्यांना. दिघीपासून किहीमपर्यंत कुठल्याही पार्टीवाल्याकडे अशी जुनी आखूड गिटार निघाली की ती आमच्या पडवीत यायची. जुना रंग खरवडायचा, लाकूड घासून तुळतुळीत करायचं, ट्रकला मारतात तो ड्युको रंग मारायचा, वरून चकाकीसाठी पारदर्शक लॅकर. स्प्रे गन धरायला मला त्यांनीच शिकवलं. आज त्यावर माझं पोट आहे.

नियम एकच. फवारायचं सकाळी, वारा जमिनीकडून असेपर्यंत. समुद्राकडून खारा वारा सुटला की गन खाली, गिटार आत, दार बंद.

कारण ओल्या लॅकरला दमट हवा लागली की भुरी चढते. आरशावर वाफ धरते ना, तसं पांढरं. ते मग पुसलं जात नाय.

बोटभर भुरी दिसली तरी काका सगळा रंग उतरवून पुन्हा मारायचे.
"काका, एवढं कोण बघतंय?"
"मी बघतोय ना, येड्या."

शेवटची गिटार त्यांनी प्रणालीच्या हळदीसाठी घेतली होती. प्रणाली त्यांची मुलगी.

मी फोनवर बोललो, "पिवळी मारा काका, हळद हाय."
"सगळी पिवळी, त्यात गिटार पण पिवळी? दिसंल का? लाल मारतो. पोरीच्या हळदीत बाप लांबून दिसला पायजे."

त्या सकाळी त्यांनी लॅकरचा शेवटचा हात मारला. गिटार अंगणात तारेवर टांगली आणि खुर्चीत बसले. छातीत कळ आली.

सगळे त्यांना घेऊन हॉस्पिटलला पळाले.

वारा फिरला. गिटार आत घ्यायला घरात कोणीच नव्हतं.

काकांना परत आणलं तेव्हा ती तारेवर तशीच होती. पांढरी.

लग्न वर्षभर पुढे गेलं. गिटारला प्रणालीने कोणाला हात लावू दिला नाय. "त्या दिवशीची हाय ती. राहू दे."

मी वर्षभर तिच्याशी फोनवर भांडलो. भुरी काढता येते, घासायला पण लागत नाय. उशिरा सुकणारं थिनर वरून हलकं फवारलं की लॅकर पुन्हा ओलं होतं, आत अडकलेला दमटपणा निघून जातो आणि रंग परत दिसतो.

"काकांनी अशी दिली असती का कोणाला?" मी विचारायचो.
ती फोन ठेवून द्यायची.

आता पुढच्या आठवड्यात हळद. परवा तिचाच फोन आला.

"दादा, रव्यादादा बोलतो, हळदीत पप्पांची गिटार मी वाजवतो, हाय तशीच पांढरी. मी बोलली, न्हाय. गावोगावचे वाजवणारे येतील. बोलतील, हिराजीच्या हातून भुरी आली. पप्पांच्या कामाला कोणी नाव ठेवलेलं मला न्हाय चालणार. सांग, थिनर कसं मारू?"

आज सकाळी, भटजी यायच्या आधी, तिने पडवीतून व्हिडिओ कॉल लावला. मी इकडे टाकीच्या मागे लपून उभा.

"वारा कुठला?"
"जमिनीचा. अगरबत्तीचा धूर समुद्राकडं चाललाय."
"गन लांब धर. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. मध्ये हात थांबवू नको."
"व्हय रे. तुझाच फोन हलतोय किती."

तिने फवारलं. आधी काहीच नाय. मग मानेजवळ लाल दिसायला लागलं. ओलं, चकचकीत. भुरी मागे मागे सरकत गेली.

आणि मला काय झालं ठाऊक नाय. वर्षभर काढ काढ म्हणून भांडणारा मीच. पण ती भुरी म्हणजे त्या सकाळची हवा होती, रंगात अडकलेली. त्या सकाळचं दुसरं काय उरलंय आमच्याकडे?

मी ओरडलो, "प्रणाली थांब! थोडी राहू दे. एका कोपऱ्यात तरी!"

तिने माझ्याकडे बघितलं पण नाय.

"आता थांबली तर डाग पडंल, दादा."

सगळी लाल झाली.

काका, गिटार तयार आहे. कोणी नाव ठेवणार नाय.

तुमच्या कैल्याचा लांबूनच नमस्कार.