हूडचं काम खलास

मी मिरज सोडली त्या दिवशी आण्णांनी टॅक्सी दहा मिनिटं थांबवून ठेवली होती. माझ्या बॅगेचं हँडल त्यांना सैल वाटलं. आण्णा, म्हणजे माझे वडील, गाड्यांची कुशनं आणि हुडं शिवतात. जीप, रिक्षा, टेम्पो, ज्याला म्हणून कापडी छत असतं ते सगळं. दुकानाच्या पायरीवर बसून त्यांनी दाभणाने चार टाके घातले, दोरा दाताने तोडला आणि म्हणाले, "वाटेत तुटलं तर कोण शिवणार तुला?" आई डोळे पुसत होती. मी हातातल्या यादीवर खुणा करत होते: पासपोर्ट, व्हिसाची प्रत, ऑफर लेटर, शेंगदाण्याची चटणी. रडणं यादीत नव्हतं.

त्याला वीस वर्षं होऊन गेली. दुबई सिलिकॉन ओएसिसमधल्या एका कंपनीत मी खरेदी विभाग सांभाळते, म्हणजे याद्या करण्याचाच पगार घेते. नवरा आहे, इंग्रजीत उत्तरं देणारी मुलगी आहे, आणि गेल्या महिन्यापर्यंत एक गाडी होती. ती विकली, म्हणून हे लिहायला बसले आहे. तिच्याबद्दल जे लिहिणार आहे ते विक्रीच्या जाहिरातीत घालता येण्यासारखं नव्हतं.

चार वर्षांपूर्वी रास अल खोरच्या एका वर्कशॉपमध्ये ती धूळ खात उभी होती. जुनी अमेरिकन गाडी, दोन दारांची, व्ही-एट इंजिनची, टप उघडणारी, वयाने माझ्याहून मोठी. नाक हे एवढं लांब. सुरू केली की शेजारच्या गाड्यांचे अलार्म वाजायला लागायचे. लोक अशी गाडी इंजिन बघून घेतात. मी हूड बघून घेतली. ते फाटून लोंबत होतं, आतल्या कमानी उघड्या पडल्या होत्या, आणि मला एकदम आमच्या दुकानाचा वास आला: रेक्झिन, मेण लावलेला दोरा, मशीनचं तेल.

त्याच संध्याकाळी आण्णांना व्हिडिओ कॉल केला. ते आधी बरंच हसले. "टपाला भोक पडलेली गाडी घ्यायला दुबईला गेलीस होय? मिरजेत पन्नास मिळाल्या असत्या." मग गंभीर झाले. "कमानी दाखव. हळू. अगं हळू, फोन आहे का पाळणा?" कमानी मोजून म्हणाले, "हे मी करतो. दुसऱ्या कुणाला हात लावू देऊ नको. मला बोलव तिकडं. पंधरा दिवस पुरे झाले."

"बोलावते, इन्शाल्ला," मी म्हणाले.

जे माझ्यासारखे इकडे आलेत, त्यांना इथल्या ऑफिसातल्या इन्शाल्लाचं वजन माहीत आहे: बघू, जमलं तर. आण्णांना नव्हतं. ते त्याच आठवड्यात पासपोर्टच्या फोटोला जाऊन आले.

मग उन्हाळा आला. मग सासूबाई आल्या. मग ऑडिट, मुलीची परीक्षा, पुन्हा उन्हाळा. सगळी कारणं खरी होती आणि मी ती तारीखवार सांगू शकते. एक कारण मात्र मी कुठेच लिहून ठेवलं नाही. आण्णा आले असते तर आमच्या टॉवरच्या बेसमेंटमध्ये बनियनवर बसले असते, तोंडात दोरा धरून, पाय पसरून. सिक्युरिटीवाल्याने "बाबा, किसके यहाँ आये हो?" म्हणून विचारलं असतं. आमच्याच मजल्यावरच्या माझ्या मॅनेजरने लिफ्टकडे जाताना पाहिलं असतं. मला ते नको होतं. ज्या हातांनी मला शिकवलं, त्या हातांचा धंदा मला माझ्या पार्किंगमध्ये नको होता.

शेवटी गाडी रास अल खोरला नेली. तीन दिवसांत नवं काळं हूड बसवून मिळालं. वर्कशॉपवाला हात झटकत म्हणाला, "खलास, मॅडम!" आणि मी मीटिंगला पोचता पोचता घरी फोन लावून तेच म्हणाले. "आण्णा, हूडचं काम खलास."

इथे खलास म्हणजे झालं, पुरं झालं, आता काळजी नको. मी दिवसातून वीस वेळा म्हणते. पण मी मिरजेचीच आहे. आपल्याकडे माणूस खलास होतो, इंजिन खलास होतं.

पलीकडे आण्णांनी तोच अर्थ घेतला. मग म्हणाले, "खलास? सगळंच? आतली पट्टीसुद्धा?" आणि लगेच, मलाच धीर देत, "असू दे, असू दे. तुला सवड नाही तर मी इथंच शिवतो नवीन, तू मागवून घे. मापं सांग."

नाही हो आण्णा, झालं म्हणजे बसवलं, एवढं एकच वाक्य बोलायचं होतं. मापं माझ्याकडे फोनमध्येच होती, वर्कशॉपला दिलेली, व्यवस्थित तक्त्यात. मीटिंगला चार मिनिटं होती. मी मापं वाचून दाखवली. पुढची पट्टी, मागची काच, बाजूची उंची, दुमड धरून आणि सोडून. आण्णा एकेक आकडा पुन्हा म्हणत लिहून घेत होते. मी खोटं काहीच बोलले नव्हते, असं त्या दिवशी मी स्वतःला सांगितलं.

त्यानंतर वर्षभर दर रविवारी त्या हुडाची हकीकत ऐकली. जाड कापड मुद्दाम मागवलं. मागच्या काचेचं प्लास्टिक दोनदा बदललं. गिऱ्हाइकांची कामं सांभाळून, दुपारच्या उजेडात, थोडं थोडं. मी "हो का", "वा" म्हणत राहिले आणि दर शनिवारी त्या दुसऱ्या हुडाखाली बसून फिरत राहिले.

यंदा कंपनीने मला अबुधाबीच्या ऑफिसात हलवायचं ठरवलं. नव्या घराला एकच पार्किंग. गाडी विकायला काढली. जाहिरातीचे मुद्दे लिहीत होते, तिसरा मुद्दा होता 'नवं हूड, उत्तम स्थितीत', तेवढ्यात धाकट्या भावाचा फोन आला.

"तायडे, आण्णांना तूच सांग बाई. मोतीबिंदू पिकलाय, डॉक्टर ओरडतायत. ह्यांचं एकच, आधी तायडीचं हूड, मग डोळा. काल दाभण बोटात घुसलं."

मुलीने माझा चेहरा बघून विचारलं, काय झालं. मी सांगितलं, सगळं, तिला पहिल्यांदाच. ती म्हणाली, "आई, जस्ट टेल हिम." तिच्या भाषेत ते तीन शब्दांचं काम होतं.

मी आण्णांना सांगितलं. खलासपासून सुरुवात केली. मागे मशीनचा आवाज येत होता, तो थांबला.

मग म्हणाले, "तिकडचं कसं आहे?"

"चांगलं आहे."

"चांगलं म्हंजे? एका इंचात टाके किती?"

मी फोन घेऊन बेसमेंटमध्ये गेले. पट्टी लावून मोजले. "पाच."

"बरं." मग, "मी सात घेतलेत. पाच चालतात पावसाला."

"इथे पाऊस फारसा नसतो, आण्णा."

"मग माझ्या हुडाची तू एवढी मापं कशाला सांगितलीस गं?"

रागाने नव्हतं ते. त्यांना खरंच कळत नव्हतं.

गाडी पुढच्याच आठवड्यात गेली. एका हौशी माणसाने घेतली, भाव फारसा पाडला नाही, जाताना हूड उघडून बघितलं आणि "क्लीन जॉब" म्हणाला. मी रजा टाकून मिरजेला गेले. ऑपरेशन नीट झालं. डोळ्यावर हिरवी पट्टी, वाकायचं नाही, दाभण धरायचं नाही. तरी तिसऱ्या दिवशी आण्णा दुकानात खुर्ची टाकून बसलेच. मी शेजारी.

ते हूड फळीवर घडी करून ठेवलेलं होतं, एक बाजू सोडून पुरं झालेलं. मी हात लावून पाहिलं. टाके एका रेषेत, शेवटी शेवटी थोडे वाकडे. जिथून दिसेनासं झालं असणार, तिथून.

एक जीपवाला कुशन दाखवायला आला. त्याची नजर फळीवर गेली. "हे कुणाचं हो आण्णा? केवढं मोठं धूड!"

"मुलीच्या गाडीचं. दुबईला असते. हीच ती."

"मग अजून इथंच कसं पडलंय?"

मी सांगणारच होते. खरंच सांगणार होते. आण्णा माझ्या आधी म्हणाले, "माझ्यामुळं राहिलं. तिनं चार वेळा बोलावलं की, तिकिटं काढते म्हणाली. मीच गेलो नाही. दुकान सोडवत नाही."

जीपवाला माझ्याकडे बघून कौतुकाने हसला. "नशीबवान आहात आण्णा. आजकाल कोण बोलावतंय!"

आण्णांची पट्टीची बाजू माझ्याकडे होती, त्यामुळे त्यांचा चेहरा मला दिसला नाही. मी जीपवाल्याला पाणी दिलं.

जे मागे राहिलेत त्यांना वाटतं, आम्हाला घर आठवतं म्हणजे जेवण आठवतं, सण आठवतात. मला आता घर म्हटलं की आण्णांची तेवढी वाक्यं ऐकू येतात. मी न केलेली चांगली गोष्ट माझे वडील माझ्या नावावर सांगतात, ते घर. आणि मी तिथे, त्यांच्या शेजारी बसून, ती खोडून काढत नाही.