अडीच हजार फुटांवरचं दार

मी एकदा जमिनीवर उभ्या असलेल्या विमानाचं दार उघडायला नकार दिला होता, कारण माझ्या मते आम्ही अजून अडीच हजार फुटांवर होतो.

हसा. मीही हसते, पण मला हसायला यायला बरीच वर्षं लागली.

मी बेळगावातल्या वडगावची, हातमागावर लुगडी विणणाऱ्या घरातली. विमान चालवायला शिकले ते समुद्रकाठच्या एका शहरात. तिथं विमान जमिनीवर असलं की उंचीचा काटा शून्यावर. शून्य म्हणजे जमीन, हे माझ्या डोक्यात पाढ्यासारखं बसलेलं. लायसन मिळायच्या तोंडावर माझे शिक्षक शेजारी बसले आणि मी घाट ओलांडून पहिल्यांदा बेळगावला, सांबऱ्याच्या धावपट्टीवर विमान आणलं. निघताना त्यांनी बजावलं होतं, "हा काटा समुद्रापासूनची उंची सांगतो. तुझं बेळगाव समुद्रापासून अडीच हजार फूट वर आहे." मी हिरव्या शाईनं वहीत लिहून घेतलं, खाली दोन रेघा ओढल्या, वही पिशवीत घातली आणि पिशवी मागच्या सीटवर टाकली.

उतरायच्या आधी धावपट्टीला वळसा घालायचा तो हजार फुटांवरून, ही माझी सवय. म्हणून मी काट्यावर हजार येईपर्यंत खाली जायचं ठरवलं. त्यासाठी सांबऱ्यात दीड हजार फूट खोल विहीर खणावी लागली असती.

"बाहेर बघ," शिक्षक म्हणाले.

"बघते सर, पण आपण अजून लई उंच आहोत."

बाहेर कुंपणापाशी माझे आप्पा उभे होते. त्यांची टोपी दिसत होती. टोपीवरची घडीसुद्धा दिसत होती. तरी मी काट्याकडेच बघत बसले. शेवटी शिक्षकांनी विमान माझ्या हातून काढून घेतलं, उतरवलं, इंजिन बंद केलं आणि म्हणाले, "उघड दार."

काटा अडीच हजारावर. माझा हात कडीपर्यंत गेला आणि परत आला.

"सर, अडीच हजार फुटांवर दार कसं उघडू?"

तोवर आप्पा विमानापाशी आले होते. "का उतरंना ओ पोरगी?"

शिक्षकांनी चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता सांगितलं, "ती म्हणते, आपण अजून अडीच हजार फुटांवर आहोत."

आप्पांचा लेकीच्या शिक्षणावर फार विश्वास. त्यांनी एकदा चाकांकडं बघितलं, एकदा माझ्याकडं बघितलं आणि अगदी मनापासून विचारलं, "मग शिडी आणू काय, सायेब?"

याला चाळीस वर्षं झाली. पुढं मीच शिक्षिका झाले आणि हा किस्सा मी किती पोरापोरींना सांगितला असेल, मोजदाद नाही. पण सांगताना नेहमी "माझ्या ओळखीची एक मुलगी होती" अशी सुरुवात. खोटं नव्हतं ते. ओळख होतीच.

आता साठी उलटली, आजी झाले, तरी सकाळी सांबऱ्याला जाऊन शिकाऊ पोरांच्या शेजारी बसते. काळ मात्र उलटा झालाय. माझ्या वेळी काटे होते, आता विमानात दोन मोठे पडदे असतात. उंची, वेग, दिशा, सगळं रंगीत. माझी नात खासबागेतून वडगावला स्कूटर नेताना मोबाईलला रस्ता विचारते. एवढासा रस्ता, तिच्या पणजीनं तो लुगड्यांचा गठ्ठा डोक्यावर घेऊन तुडवला. "आज्जी, पुढून उजवीकडं वळायचं," नात मला सांगते. म्हटलं, "बाई गं, त्या वळणावर माझे दुधाचे दात पडलेत."

तर गेल्या हिवाळ्यात माझ्याकडे बेळगुंदीची एक पोरगी आली. घरी भात आणि रताळी, वडील शहरात कारखान्यात पाळीला आणि उरलेला वेळ शेतात. पोरगी हुशार, पुस्तक पाठ. पण विमानात बसली की नजर पडद्यावर चिकटायची, ती चिकटायचीच. वेग एक आकडा कमी झाला की इंजिन वाढव, एक आकडा जास्त झाला की कमी कर. विमानाचा आवाज उचकी लागल्यासारखा.

एकटीनं उडायची परवानगी देण्याआधी आमच्याकडे मुख्य शिक्षक परीक्षा घेतात. तीन वेळा संधी. तिसऱ्यांदाही नापास झालं तर नाव कमी. ही दोनदा नापास झाली होती. पहिल्यांदा समोरून आलेली घार तिला दिसली नाही. दुसऱ्यांदा तिनं पडद्यावरचे सगळे आकडे तंतोतंत सांभाळले आणि धावपट्टीच्या शेजारच्या ज्वारीत अतिशय व्यवस्थित उतरायला निघाली.

आठ दिवस उरले होते. कँटीनमध्ये चहाचा कप धरून ती बसलेली, चहावर साय आलेली.

"मॅडम, घरी काय सांगू वो? गावात समद्यांस्नी ठाव हाय, पोरगी इमान चालवतीया म्हणून."

"काय सांगायचं ते आठ दिवसांनी ठरवू," मी म्हटलं. "उद्या लवकर ये."

घरी जाऊन ट्रंक उघडली. आईनं मागावर विणलेलं शेवटचं लुगडं मी जपून ठेवलं होतं. जुन्या घडीवर जीर्ण झालेलं होतंच. त्याचा हातभर तुकडा कापला, दोन्ही कडांना नाडी शिवली. दुसऱ्या दिवशी सकाळी तो तिच्या पुढच्या पडद्यावर बांधला, लाल काठ वर. माझ्या बाजूचा पडदा उघडा ठेवला. मी वात्रट आहे, वेडी नाही.

"ह्ये काय, मॅडम?"

"पडद्यावर पडदा. आता उडव."

धावपट्टी सोडून वर चढताना पंख्याच्या ओढीनं विमानाचं नाक डावीकडे सरकतं. उजव्या पायानं पेडल दाबायचं असतं. ती दाबेना. आता माझी एक खोड आहे. मला विमानातलं निम्मं शहाणपण कानडी शिक्षकांनी शिकवलं, त्यामुळे घाई झाली की माझ्या तोंडून कानडी निघतं. मी ओरडले, "बल! बल!" म्हणजे उजवं, उजवं.

तिला कानडी येतं, बाजारापुरतं. पण घाबरल्यावर माणसाला आईचीच भाषा ऐकू येते. तिनं दोन्ही हातांनी दांडा धरला आणि शेतातलं सगळं बळ लावून ओढला. विमानानं नाक आकाशात खुपसलं. मी झटकन दांडा पुढं ढकलून विमान सरळ केलं.

जरा वेळानं डावीकडे वळायचं होतं. मी पुन्हा ओरडले, "एड! एड!"

मग कानातल्या हेडफोनमध्ये तिचा दुखावलेला आवाज, "येडं म्हणा मॅडम, माझं काय न्हाय. पर एकदाच म्हणा."

मला इतकं हसू आलं की पुढचा वळसा मलाच घ्यावा लागला. त्या दिवसापासून मी विमानात डावं-उजवंच म्हणायची शपथ घेतली. तीन दिवस पाळली.

खाली उतरल्यावर तिला विचारलं, "भात शिजवतेस घरी?"

"व्हय की."

"पाणी किती घालतेस?"

तिनं तर्जनी दाखवली. "तांदळावर बोट ठेवायचं. पाणी दुसऱ्या पेराला लागलं की बास."

"पडदा लागतो का त्याला?"

तिनं माझ्याकडं बघितलं. मग मी तिची चार बोटं विमानाच्या डॅशबोर्डच्या कडेवर आडवी एकावर एक ठेवली. "सरळ उडताना जमीन आणि आभाळ जिथं भेटतं ती रेघ तुझ्या वरच्या बोटाला टेकली पाहिजे. रेघ बोटाखाली गेली तर तू चढतेस. वर गेली तर उतरतेस. झालं."

उंची बोटांनी जमली. वेग जमेना. वेगासाठी कान लागतो, आणि कान कसा शिकवायचा? मग मला आमचं घर आठवलं. आप्पा मागावर बसलेले, डोळे धाग्यावर. आई आत चुलीपाशी भाकरी थापणारी. आणि मधेच आतून आईचा आवाज यायचा, "अवं, धागा तुटला बघा!" आप्पा वाकून शोधायचे, तर खरंच तुटलेला असायचा. समोर बसलेल्या माणसाला दिसला नाही तो भाकरी थापणाऱ्या बाईला ऐकू आला. धोट्याची खटखट जरा बदलली की ती पिठाचा हात तसाच थांबवायची.

दुसऱ्या दिवशी पोरीला वडगावात घेऊन गेले. शेजारच्या घरी अजून पॉवरलूम चालतात. तिला लूमकडं पाठ करून बसवलं आणि सांगितलं, "आवाज बदलला की हात वर कर." तासाभरात ती घरमालकिणीच्या आधी हात वर करायला लागली. घरमालकीण मला म्हणाली, "आक्का, हिला इमानात कशापायी घालताय? इथंच ठेवा की."

विमानातही मग तिला वारा ऐकू यायला लागला. वेग वाढला की तावदानापाशी वारा शिट्टी घालतो, कमी झाला की गप्प होतो. गप्प वारा वाईट. एवढंच.

परीक्षेच्या आदल्या दिवशी तिचा धीर पुन्हा सुटला, म्हणून मी तिला तो किस्सा सांगितला. माझ्या ओळखीची एक मुलगी, समुद्रकाठ, हिरवी शाई, काटा, दार. रंगात आले. "आणि आप्पा म्हणाले, मग शिडी आणू काय, सायेब?" म्हणून गेले. "तिचे" हा शब्द राहून गेला. पोरीनं हसता हसता मान वर केली, माझ्याकडं जरा जास्तच वेळ बघितलं.

परीक्षेच्या सकाळी मी हँगरच्या मागे उभी. हातात पाण्याची बादली. पहिल्यांदा एकटं उडून आलेल्याच्या अंगावर पाणी ओतायची पद्धत आहे. पास व्हायच्या आधीच बादली भरणं म्हणजे अवलक्षणच, पण भरली.

तीन वळसे झाले, विमान थांबलं आणि मुख्य शिक्षक एकटेच उतरून आले. उत्तरेकडचे गृहस्थ, हसणं त्यांना महाग. त्यांच्या हातात माझ्या आईच्या लुगड्याचा तुकडा.

"मॅडम, ये आपका कपड़ा. लड़की ने खुद बोला, सर, पहले ये बाँधिए." मग धावपट्टीकडे मान वळवून म्हणाले, "अब अकेली जा रही है. बिना कपड़े के."

पास झाली होती, पण खरी परीक्षा आताच होती. पडदा उघडा, शेजारी कुणी नाही, "बाहेर बघ" म्हणणारं कुणी नाही. एकटीनं नीट उतरली नाही तर सगळं पुन्हा पहिल्यापासून, आणि पुन्हा अशी संधी तिला कोण देणार होतं?

विमान उठलं. हँगरच्या आड गेलं. मला दिसेना. मग मीही डोळे मिटले आणि ऐकत राहिले.

चढतानाचा आवाज चांगला. वळसा. मग उचकी. एकदा इंजिन वाढलं, कमी झालं. पुन्हा वाढलं, पुन्हा कमी झालं. बघतीय पडद्याकडं, गाढव! माझ्या हातातली बादली डचमळली, चपला भिजल्या. मी हँगरच्या पत्र्याला तोंड लावून पुटपुटत होते, "बाहेर बघ गं बाई, बाहेर बघ." तिसऱ्या उचकीची वाट बघत मी श्वास धरला.

ती आली नाही. आवाज एकसारखा झाला, आईच्या मागासारखा, मग हळूहळू उतरत गेला. मी डोळे उघडून हँगरच्या कोपऱ्यावर धावले. विमान धावपट्टीच्या मधोमध येत होतं. ज्वारी सुखरूप होती. चाकं टेकली, एक छोटी उडी मारली, परत टेकली. मुख्य शिक्षक चक्क हसले.

विमान जागेवर येऊन थांबलं. पंखा थांबला. मी बादली पाठीमागं लपवून दारापाशी गेले. दार काही उघडेना. आत ती दोन्ही हात मांडीवर ठेवून ताठ बसलेली, चेहरा गंभीर. काही लागलं की काय? रडतीय की काय?

"काय झालं गं? उतर की!"

तिनं काचेची खिडकी हळूच उघडली, पडद्याकडं बोट केलं आणि म्हणाली, "मॅडम, ह्ये अडीच हजार फूट सांगतंय. दार कसं उघडू? तुमच्या आप्पांस्नी शिडी आणाय सांगा की."