सख्ख्या भावाला बोलावशील काय?

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. दुआला हात उचलतो, पण या गोष्टीपाशी आलो की जीभ अडते. आज तुम्हाला सांगतो — बसा जरा.

इम्तियाज आणि मी मुरूडच्या बंदरात लाँचची इंजिनं दुरुस्त करायचो. दोघांनाही गल्फला जायचं होतं. मी काय करायचो? दिसेल त्या एजंटाच्या हातात बायोडाटा कोंबायचो. हॉटेल, गोदाम, ड्रायव्हर — काहीही चालेल!

इम्तियाज मात्र एकही अर्ज करेना. कुणी गल्फहून सुट्टीवर आला की जुम्म्याच्या नमाजानंतर चहाला त्याच्या शेजारी जाऊन बसायचा. पगार नाही विचारायचा. एवढंच, "तुझ्या सख्ख्या भावाला तिथं बोलावशील काय रे?" माणूस हसून विषय बदलायला लागला, की ती कंपनी बाद. असं गाळता गाळता एकच जागा उरली — मस्कतमधलं बोटींच्या इंजिनांचं एक वर्कशॉप. तिथले फोरमन युसुफचाचा श्रीवर्धनचे. ते सुट्टीवर आल्याचं कळताच हा थेट त्यांच्या घरी जाऊन कामाचं बोलून आला. मी तर थक्कच झालो. एवढा साधा प्रश्न, आणि अख्ख्या गावात तो कुणालाच सुचला नव्हता! त्या अकलेपुढं माझी मान आजही खाली जाते.

मग एक दिवस चाचा त्याला शोधत बंदरावर आले. जागा पक्की झाली होती. इम्तियाज एक बंद पडलेली लाँच बघायला खाडीपलीकडे गेलेला. मी एकटाच होतो. आणि मी — कसं सांगू? — मी म्हणालो, "त्याचा इचार बदललाय, चाचा. अम्मी सोडत न्हाय त्याला. मी येतो."

मी गेलो. इम्तियाजला सांगितलं, चाचांनी मलाच निवडलं. तो खूश झाला हो!

पहिल्या सुट्टीत तो माझ्याही शेजारी येऊन बसला. तोच प्रश्न. तो तिथं आला असता तर चाचांसमोर माझं बिंग फुटलं असतं. मी म्हणालो, "न्हाय रे. तू नको येऊ तिथं." त्यानं मान डोलावली. एवढा शोधून काढलेला मालक माझ्या एका शब्दावर सोडून दिला. केवढा हा विश्वास — आणि कुणावर?

पुढे मी माझ्या सख्ख्या धाकट्या भावाला, रफिकला, त्याच वर्कशॉपमध्ये लावलं. बंदरावर बातमी लपते थोडीच? रफिकला न्यायला मी गावी आलो होतो. निघायच्या वेळी इम्तियाज गाडीपाशी आला. रफिकची बॅग स्वतः उचलून टपावर बांधली. मला वाटलं, आता बोलेल. बोलायलाच हवं होतं ना? त्यानं रफिकच्या पाठीवर हात ठेवला. म्हणाला, "चांगली जागा हाय. टिकून ऱ्हा."

माझ्याकडे बघितलं, तेही रागानं नाही. एवढं मोठं मन माणसाला असू शकतं, हे मला तेव्हा कळलं. मी गाडीत बसलो आणि दार ओढून घेतलं. तेव्हाही खरं बोललो नाही.