हादडण्याची चढती भाजणी

आमच्या घरात जेवण कसं झालं हे विशेषणानं सांगत नाहीत, क्रियापदानं सांगतात. 'छान झालं' हे लोकांकडच्या बारशाला म्हणायचं. पाहुणा नुसता 'जेवला' तर निडीची माझी काकू दिवसभर गप्प असते. 'चापलं' म्हटलं की जरा सैलावते. पुढे 'हाणलं', 'ओरपलं', 'हादडलं' अशी चढती भाजणी, आणि सगळ्यांच्या वर 'फडशा पाडला'. 'गिळलं' या हिशेबात धरत नाहीत. ते काकांसाठी राखीव आहे, तेही भांडणाच्या दिवशी.

काकूची थंडीतली पोपटी म्हणजे फडशा पाडण्याचीच गोष्ट. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, ओवा, जाडं मीठ. पाण्याचा थेंब नाही. मडकं शेतात पालथं घालायचं आणि भोवती जाळ करायचा. पण मध्यंतरी एका तापात तिची चव आणि वास दोन्ही गेले, ते परत आले नाहीत. तेव्हापासून तिनं काहीही वाढलं की आम्ही घरचे एका सुरात 'हादडलं!' म्हणू लागलो. तिनं ते ओळखलं.

"आजारी माणसाशी खोटं बोलता रे सगळी. यंदा परक्या माणसानं खाल्लान तर खरं. नायतर मडकं माळ्यावर. पुन्हा पोपटी नाय."

परका माणूस मीच नेला. पेणला मिताहारावर व्याख्यान होतं. वक्त्यांचं दुसऱ्या दिवशी रोह्याला तेच व्याख्यान होतं आणि त्यांना पोचवण्याचं काम माझ्या गळ्यात पडलं होतं. संपूर्ण भाषणात त्यांनी 'खाणे' हे क्रियापद एकदाही वापरलं नाही; माणूस आहार 'ग्रहण' करत होता. शेवटी शाल, श्रीफळ आणि पेणचे पापड मिळाले. शाल-श्रीफळ डिकीत गेलं. पापड त्यांनी मांडीवर घेतले.

निडीला पोचलो तेव्हा ऊन उतरत होतं. काकूनं मडक्यावर पाणी शिंपडलं, चर्र झालं, म्हणजे पोपटी शिजली.

"संध्याकाळी मी फक्त आस्वाद घेतो," पाहुणे म्हणाले.

"घ्या की," काकू म्हणाली, आणि त्यांच्यासमोर कागद पसरला.

पहिली शेंग त्यांनी दोन बोटांत धरून सोलली. तिसरीनंतर बोलणं थांबलं. मग बाह्या वर गेल्या. पुढे सोलण्याची पायरीही गळाली. शेंग दातांतून ओढायची आणि साल टाकायची. शेजारची वहिनी माझ्यामागून पुटपुटली, "आवरा गो कुणीतरी, पाला पण खाईल."

सगळं आटोपल्यावर काकूनं विचारलं, "मीठ बरं व्हतं ना?"

पाहुण्यांनी रुमालानं ओठ टिपले. "उत्तम. मी अर्थात फक्त आस्वाद घेतला."

काकूचा चेहरा उतरला. आमच्या भाजणीत आस्वाद कुठेच बसत नाही. तो 'जेवला'च्याही खालचा.

"अगो, सालांचा ढीग बघ की!" वहिनी म्हणाली.

"त्यात आपली पण सालं हायत. आणि तू घरचीच," असं म्हणून काकू मडक्याची राख पुसू लागली. माळ्यावर ठेवायचं तर स्वच्छ ठेवावं, असा तिचा स्वभाव.

मी गाडी सुरू केली. पाहुणे दार उघडून खाली उतरले आणि पापडांसकट शेतात परत गेले.

"बाई, तळाशी काही राहिलं असेल तर... पुढे प्रवास आहे."

रोहा निडीच्या पुढचंच स्टेशन.

काकूनं मडकं त्यांच्यासमोर धरलं. त्यांनी वाकून आत पाहिलं, मग हात घातला, पाला चाचपला आणि एक चुकार शेंग काढून तिथेच तोंडात टाकली.

गोठ्यातून काकांनी हाक मारली, "पाव्हण्यानं काय केलान गो?"

"फडशा पाडलान मेल्यानं!" काकू आनंदानं ओरडली. पाहुणे अजून समोरच उभे होते, चावत. "आणि उद्या बाजारात जाल तेव्हा मडकं आणा. ह्याच्यापेक्षा मोठं."